रमच्या लेबलवर ऊस कुठे आहे?

ठाण्यातल्या एखाद्या वाइन शॉपच्या काउंटरसमोर उभे राहून रमच्या फळीकडे नीट पाहिले, तर शिडाची जहाजे दिसतात, दाढीवाले कप्तान दिसतात, नांगर, होकायंत्र आणि नारळाची झाडे दिसतात. ज्या पिकापासून रम तयार होते तो ऊस मात्र क्वचितच दिसतो, आणि जिथे दिसतो तिथेही तो बहुधा सोनेरी नक्षीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा असतो. मी पॅकेजिंग डिझायनर आहे, वागळे इस्टेटमध्ये माझा छोटा स्टुडिओ आहे, आणि सध्या मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका लहान डिस्टिलरीच्या उंची रमचे लेबल, बाटली आणि एकूण ओळख नव्याने घडवते आहे. या कामात जे विचार करावे लागले आणि जे निर्णय घ्यावे लागले, त्यांची नोंद करण्यासाठी हे लिहिते आहे. रमचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हा मजकूर तिची जाहिरात ठरू नये.

जाहिरातीचा हा मुद्दा या कामाच्या मुळाशी आहे. आपल्याकडे मद्याची जाहिरात करता येत नाही. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांनी दूरचित्रवाणीवर तिला बंदी आहे, आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मद्याच्या जाहिरातींवर निर्बंध घातलेले आहेत. मोठ्या कंपन्या मद्याच्याच नावाचा सोडा, पाण्याच्या बाटल्या किंवा गाण्यांच्या सीडी काढून आडवाटेने नाव लोकांसमोर ठेवतात. लहान उत्पादकाकडे तेवढा पैसा नसतो, आणि माझ्या मते त्या वाटेने जाऊही नये. मग उरते ती फक्त बाटली. कोणत्या उसापासून रम काढली, कशी काढली, किती वर्षे लाकडात ठेवली, हे सगळे हाताच्या पंजाएवढ्या कागदावर सांगावे लागते. दुसरीकडे कुठे काही सांगायची सोयच नसल्यामुळे त्या कागदावरच्या प्रत्येक शब्दाला वजन येते, आणि खोटेपणालाही तितकेच वजन येते.

जुने लेबल काळे होते. त्यावर सोनेरी जहाज, त्याखाली एकमेकांना छेद देणारी उसाची दोन कांडकी आणि इंग्रजीत वळणदार नाव. छपाई नीटनेटकी होती, सोनेही भरपूर होते, पण त्या फळीवर ते लेबल कोणत्याही देशातल्या कोणत्याही रमला लावता आले असते. डिस्टिलरी ज्या गावात आहे तिथून कोकणचा किनारा गाठायला सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. त्या मातीत जहाजाचा काही संबंध नाही.

जहाज रमवर का आले, हे समजून घेतल्याशिवाय ते काढून टाकणे मला योग्य वाटत नव्हते. सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांवर साखरेची लागवड वाढली, साखर काढल्यावर उरणारी मळी आंबवून तिचे ऊर्ध्वपातन होऊ लागले, आणि ती दारू खलाशांच्या, सैनिकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या हाती गेली. बार्बाडोसमधल्या माउंट गे डिस्टिलरीचा सर्वांत जुना दस्तऐवज १७०३ चा आहे. ब्रिटिश नौदलात खलाशांना रोजची रम देण्याची प्रथा थेट ३१ जुलै १९७० पर्यंत चालू होती. ज्याच्या नावाने जगभर रम विकली जाते तो हेन्री मॉर्गन खरोखरच होऊन गेला. तो वेल्समधला, स्पॅनिश वसाहती लुटून पुढे जमैकाचा उपगव्हर्नर झाला आणि १६८८ मध्ये वारला. म्हणजे कप्तान आणि जहाज हे अगदीच कल्पनेतून आलेले नाहीत. पण त्याच इतिहासात ज्यांनी तो ऊस लावला, तोडला आणि गाळला, ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते, आणि लेबलांवर ते आले तर बहुधा शोभेपुरतेच. शिडाच्या जहाजाकडे केवळ साहसाचे चिन्ह म्हणून पाहणे मला त्यामुळेच जड जाते. एका प्रसिद्ध फ्रेंच कंपनीने आपल्या रमचे ‘प्लँटेशन’ (मळा, आणि या इतिहासात गुलामांच्या श्रमावर चालणारा) हे नाव बदलण्याचे २०२० मध्ये जाहीर केले आणि २०२४ मध्ये ‘प्लँटरे’ हे नवे नाव घेतले. जगभर रुळलेले नाव सोडण्यात केवढा व्यावसायिक धोका असतो हे या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही, तरीही त्यांनी ते सोडले.

मग आपल्याकडे काय ठेवायचे? पहिल्या बैठकीत एक सूचना आली की डोक्यावर मोळी घेतलेली ऊसतोड करणारी बाई चितारावी. चित्र म्हणून ते सुंदर झाले असते, आणि म्हणूनच मी त्याला ठाम नकार दिला. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामाला हजारो कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्यांच्या भागात येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरली जाते, आणि पहाटेपासून तोडलेल्या उसाच्या मोळ्या बाई डोक्यावरून ट्रॉलीत नेऊन टाकते. ज्या बाटलीची किंमत तिच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी आहे, त्या बाटलीवर तिला शोभेसाठी उभी करणे म्हणजे कॅरिबियन इतिहासातली चूक आपल्या हाताने पुन्हा करणे होय. तिच्यासाठी काही करायचे असेल तर ते मजुरीत, विम्यात आणि मुलांच्या शाळेत करावे, असे मी बैठकीत स्पष्ट बोलले. कोणी वाईट वाटून घेतले नाही. मालकांच्या वडिलांनी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, तेवढ्यावर मान हलवली आणि जुन्या लेबलकडे बोट दाखवून म्हणाले, “आणि हे खाली काढलंय तो बांबू आहे. उसाला डोळा असतो. डोळा कुठाय?”

त्या प्रश्नाने पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरली.

साखरेची पोती, रसवंतीच्या पाट्या, गुळाचे खोके, रमची लेबले, सगळीकडे ऊस म्हणून जो काढला जातो तो बहुतेक वेळा बांबूच असतो: सरळ नळी, ठरावीक अंतरावर दुहेरी रेघ, वर दोन टोकदार पाने. खरा ऊस हातात घेऊन पाहिला की फरक लगेच कळतो. पेरे, म्हणजे दोन गाठींमधले भाग, एकसारखी नसतात. बुडख्याकडची आखूड, मधली लांब, शेंड्याकडे पुन्हा आखूड. प्रत्येक कांडीवर एक डोळा असतो आणि तो आळीपाळीने या बाजूला आणि त्या बाजूला येतो. डोळ्याच्या भोवती मुळ्या फुटण्याच्या बारीक ठिपक्यांचा पट्टा असतो, आणि गाठीच्या लगेच खाली पांढरट मेणाचा थर असतो, जो बोट फिरवले की पुसला जातो आणि खालचा रंग दिसतो. काही जातींत पेर किंचित नागमोडी वाढते. शेतकरी बेण्यासाठी दोन डोळ्यांची टिपरी तोडतो, तेव्हा त्याची नजर प्रथम डोळ्यावर जाते, कारण पुढचे पीक तिथून उगवणार असते.

चित्र काढण्यासाठी मी आणि माझी सहकारी शेतावर जाऊन आलो, पण घरच्या टेबलावर सतत पाहायला ऊस हवा होता. तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत जांभळी नाक्याच्या बाजारात वाढ्यासकट ऊस मिळतो. तो आणून स्टुडिओच्या कोपऱ्यात उभा केला. तो सुकताना सालीचा रंग कसा बदलतो, हेही त्यामुळे पाहता आले, आणि लेबलचा मुख्य रंग आम्ही तिथूनच उचलला: जांभळट छटेचा तपकिरी, ज्याच्यावर मेणाच्या थराचा राखाडी-पांढरा बसतो. काळा आणि सोनेरी हे उंचीपणाचे ठरीव रंग सोडण्याचे धैर्य मला त्या सुकत्या उसाने दिले. शेवटचे चित्र म्हणजे फक्त एक कांडी आणि तिच्यावरचा एक डोळा, खोदचित्राच्या बारीक रेघांत, लेबलच्या मधोमध. जहाज नाही, मुकुट नाही, पदके नाहीत.

बांबूची चूक फक्त चित्रकलेची नव्हती, म्हणून मी त्यावर इतकी रेंगाळले. या रमचे वेगळेपण नेमके उसातच आहे. भारतातली बहुतेक रम मळीपासून होते, आणि महाराष्ट्रात साखर कारखान्यांची संख्या पाहता ते स्वाभाविकही आहे. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला, त्यानंतर आपल्या राज्यात साखरेबरोबर मळीही भरपूर निघत आली आहे. ही रम मात्र थेट उसाच्या रसापासून केली जाते. रस काढला की तो थोड्याच वेळात आंबू लागतो, साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे गाळप हंगामातच, शेताजवळच, तोडल्यानंतर लगेच काम उरकावे लागते. मार्टिनिक बेटावर अशा रसाच्या रमला १९९६ पासून फ्रान्सचा मूळस्थानाचा अधिकृत दर्जा आहे, आणि तिथल्या लेबलांवर जागा आणि पद्धत या दोन गोष्टी प्रथम सांगितल्या जातात. आपल्याकडे तसा दर्जा नसला, तरी ती माहिती देण्याची सवय लावून घ्यायला कोणाची हरकत नाही. म्हणून पुढच्या लेबलवर चित्राखाली उसाची जात, लागणीचा हंगाम, गाळपाचे वर्ष आणि तालुका या चार गोष्टी येतात. ‘को ८६०३२, आडसाली’ असे उंची दारूच्या लेबलवर वाचायला काहींना चमत्कारिक वाटेल, पण कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या माणसाला त्यातून जे कळते ते ‘एक्स्ट्रा स्पेशल रिझर्व्ह’ या शब्दांतून कधीच कळणार नाही.

आकड्यांच्या बाबतीत मला जास्त काळजी घ्यावी लागली. रमच्या बाटलीवरचा आकडा हा जगभर वादाचा विषय आहे. काही ठिकाणी सोलेरा पद्धतीने जुनी आणि नवी रम थराथराने मिसळत जातात आणि त्यातल्या सर्वांत जुन्या थेंबाचे वय मोठ्या अक्षरात छापतात. ग्वाटेमालाच्या झाकापा या नावाजलेल्या रमच्या बाटलीवर ‘२३’ असते, पण तिच्यात ६ ते २३ वर्षांच्या रमांचे मिश्रण असते. पूर्वी त्या आकड्यापुढे वर्षे असा शब्द होता, तो नंतर काढला गेला. स्कॉच व्हिस्कीत उलटा नियम आहे: आकडा छापायचा तर मिश्रणातल्या सर्वांत तरुण मद्याचा. मला हाच नियम प्रामाणिक वाटतो, आणि आम्ही तोच पाळला, जरी त्यामुळे छापायचा आकडा लहान झाला. आपल्या उष्ण हवेत पिंपातली रम लवकर पिकते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के मद्य उडून जाते, आपल्याकडे त्याच्या कित्येक पटींनी जाते. त्यामुळे इथली चार वर्षे ही तिथल्या चार वर्षांसारखी नसतात, आणि हे मागच्या लेबलवर दोन ओळींत सांगता येते. आकडा फुगवण्याची गरज पडत नाही. रंगाचेही तसेच. गडद रंग म्हणजे जुनी रम, हा समज कॅरॅमल घालून घालून पक्का केला गेला आहे. या रमला कॅरॅमल लावलेले नाही, ती मधाळ पिवळट आहे, म्हणून आम्ही पारदर्शक काच निवडली, की जे आहे ते दिसावे.

‘४२.८’ हा आकडा मात्र मी मुद्दाम ठळक ठेवला. भारतीय बाटल्यांवर तो इतक्या सवयीचा झाला आहे की कोणी त्याच्याकडे पाहत नाही. जुन्या ब्रिटिश मापात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क, त्याच्या ७५ टक्के म्हणजे ४२.८. वसाहतीच्या काळातले माप दशांशात उतरून आजही आपल्या बहुतेक खंब्यांवर, म्हणजे मोठ्या बाटल्यांवर, छापले जाते. मला ते इतिहासाचे खरे अवशेष वाटते, खोट्या जहाजापेक्षा कितीतरी अधिक.

आता लिपीचा प्रश्न, ज्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. नाव मराठी आहे आणि ते पुढच्या लेबलवर देवनागरीत मोठे असावे, हा माझा आग्रह होता. डिस्टिलरीच्या विक्री विभागाचा आक्षेप सरळ होता: महाराष्ट्रात बाटलीवर मोठे देवनागरी अक्षर दिसले की गिऱ्हाईक ती देशी दारू समजते. हा आक्षेप खोटा नाही. आपल्या देशी दारूच्या बाटल्यांवर नावे देवनागरीत असतात आणि विलायती धाटणीच्या सगळ्या बाटल्यांवर इंग्रजीत, ही विभागणी वर्षानुवर्षे डोळ्यांत बसलेली आहे. पण जपानी व्हिस्की कांजी अक्षरे अभिमानाने मिरवते आणि जगात त्या अक्षरांकडे पाहूनच ती महाग समजली जाते. आपल्या लिपीला हलकेपण आले ते तिच्या आकारामुळे नव्हे, तर तिला नेहमी स्वस्त कागदावर, घाईघाईत, ताणलेल्या आणि फुगवलेल्या संगणकी फाँटमध्ये छापल्यामुळे. ज्या भाषेत र. कृ. जोशी आणि कमल शेडगे यांच्यासारख्यांनी अक्षरावर आयुष्य घातले, तिथे एक सुंदर नाव बाटलीवर बसवता येत नाही, हे मी मान्य करायला तयार नव्हते.

अक्षरे आम्ही नव्याने रेखाटली. संदर्भ म्हणून जुन्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांची, म्हणजे धातूच्या अक्षरांची, वळणे समोर ठेवली. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या त्या छापखान्याचे टाइप कागदात दाबून उमटण्यासाठी घडवलेले होते, आणि आमचेही नाव फॉइल (चकचकीत पन्नी) आणि एम्बॉसिंगने (उठावाच्या ठशाने) कागदात दाबूनच उमटणार होते. जाड-बारीक रेघांचे त्यांचे प्रमाण आजच्या पडद्यासाठी केलेल्या अक्षरांपेक्षा या कामाला अधिक जवळचे होते.

तरीही छपाईत अडचण आलीच, आणि ती पाहण्यासारखी होती. छपाई नवी मुंबईत, महापे एमआयडीसीतल्या एका छापखान्यात होते. कागद सुती तंतू मिसळलेला, खरखरीत, चकाकी नसलेला. त्यावर तांबूस फॉइलचा पहिला ठसा उमटला तेव्हा ‘क्ष’च्या गाठीतली पोकळी पूर्ण भरून गेली होती, अनुस्वाराचा ठिपका अर्धाच उमटला होता आणि वेलांटीची बारीक रेघ दोन ठिकाणी तुटली होती. मशीनमन भिंग डोळ्याला लावून म्हणाला, “ताई, दाब वाढवला तर पोट भरतंय, कमी केला तर रेघ तुटतेय. कागद दोन्हीकडून खेळवतोय.” त्याने बोटाने कागदाचा उंचसखल पोत दाखवला. फॉइल उंचवट्यावर बसते, खोलगटात पोहोचत नाही, आणि तिला खोलगटात पोहोचवण्यासाठी दाबले की बारीक पोकळीच्या कडा एकमेकींना मिळतात. उपाय दोन्ही बाजूंनी करावा लागला. अक्षरांच्या आतल्या पोकळ्या आम्ही मूळ रेखाटनापेक्षा मोठ्या केल्या, ‘क्ष’ची गाठ सोडवून मोकळी केली, अनुस्वार शिरोरेषेपासून किंचित दूर नेऊन थोडा वाढवला, आणि मशीनमनने डायची, म्हणजे ठसा उमटवणाऱ्या साच्याची, उष्णता कमी करून आधी कागद सपाट दाबून घेण्याची एक फेरी वाढवली. कागदावर पाहताना ती अक्षरे जरा बेढब वाटतात, ठशात मात्र बरोबर दिसतात. लॅटिन अक्षरांसाठी हे ठोकताळे छापखान्यात तयार असतात. देवनागरीसाठी ते दर वेळी नव्याने शोधावे लागतात, आणि ते लिहून ठेवले जात नाहीत याची मला मनापासून खंत वाटते. आमचे मी आता लिहून ठेवते आहे.

शिरोरेषेचा त्रास वेगळाच. इंग्रजी नाव लेबलवर अंशभर तिरके चिकटले तर चटकन लक्षात येत नाही, कारण अक्षरांच्या वरच्या कडा उंचसखल असतात. देवनागरीत ती एक सलग आडवी रेघ बाटलीच्या तळाशी समांतर नसेल, तर काउंटरपलीकडूनही खुपते. लहान डिस्टिलरीत लेबले हाताने लावली जातात, दिवसभर उभ्या राहून काम करणाऱ्या बायकांच्या हाताने, आणि त्यांच्याकडून यंत्राच्या अचूकतेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून नाव दोन ओळींत तोडले, की शिरोरेषा आखूड व्हावी. लेबलच्या कडेची चौकट काढून टाकली आणि बाटली आडवी टेकवून लेबल बसवण्यासाठी ॲक्रिलिकचा एक फर्मा करून दिला. बाटलीचा खांद्याकडे निमुळता होत जाणारा पहिला आकारही याच कारणाने बदलला. निमुळत्या काचेवर सरळ लेबल कधीच सरळ दिसत नाही.

अंतराचा हिशेबही इथलाच आहे. ठाण्यातल्या जुन्या दुकानांत गिऱ्हाईक जाळीच्या किंवा काउंटरच्या बाहेर उभे असते, बाटली आत फळीवर असते, आणि मध्ये दुकानदार. ती हातात घेऊन मागचे लेबल वाचण्याची सोय घोडबंदर रोडवरच्या किंवा नवी मुंबईतल्या नव्या, आत फिरता येणाऱ्या दुकानांतच मिळते. त्यामुळे नाव दुरून वाचता आले पाहिजे आणि गर्दीत, मागच्या माणसाच्या घाईत, एका श्वासात मागता आले पाहिजे. १९५४ मध्ये बाजारात आलेल्या ओल्ड मंक रमची बसकी, खरबरीत पोताची बाटली लोकांच्या ओळखीची आहे. तिचे लेबल वाचावे लागत नाही, नुसती बाह्यरेषा पुरते. तेवढी ओळख आम्हाला एका कामात मिळणार नाही हे उघड आहे, पण बाटलीच्या खांद्यावर काचेतच उठवलेला डोळ्याचा उंचवटा त्या दिशेने टाकलेले पाऊल आहे.

नावाबद्दल एवढेच सांगते की त्यात देव, संत, गड किंवा इतिहासपुरुष येणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरले होते. धार्मिक भावना दुखावणाऱ्या चिन्हाची १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याखाली नोंदणीच होत नाही, पण कायदा नसता तरी मी ते केले नसते. मद्याच्या नावाची नोंदणी वर्ग ३३ मध्ये होते, आणि तिथला शोध नाव पक्के करण्याआधी घ्यावा, नंतर नव्हे.

मागचे लेबल म्हणजे नियमांची जागा, असे मानून बहुतेक जण ते शेवटी उरकतात. मला ते पुढच्या इतकेच महत्त्वाचे वाटते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मद्यविषयक नियमांनुसार १ एप्रिल २०१९ पासून वैधानिक इशारा छापावा लागतो, २०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीवर किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, आणि लहान बाटलीवर १.५ मिलिमीटर. बरेच डिझायनर तो गडद पार्श्वभूमीवर गडद रंगात छापून नियमाचे अक्षर पाळतात. आम्ही मराठी इशारा पुढच्या नावाच्याच कुळातल्या अक्षरांत, पूर्ण काळ्या शाईत, मोकळ्या जागेत ठेवला. महाराष्ट्रात रम विकत घेण्याचे वय २५ आहे, तेही लिहिले. आमच्या आजूबाजूच्या प्रत्येक कुटुंबात दारूने मोडलेला एखादा माणूस आहे, आणि सुंदर लेबल करणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे वाढते. मी हे काम घेताना घरी त्यावर बोलणे झाले होते, आणि इशारा वाचता येईल असाच राहील, ही माझी अट करारात आहे.

प्रत्येक राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी वेगळी, दर आर्थिक वर्षी नूतनीकरण वेगळे, आणि ‘फक्त महाराष्ट्र राज्यात विक्रीसाठी’ यासारखी ओळही राज्यागणिक बदलते. म्हणून बदलणारा सगळा मजकूर एका पट्टीत एकत्र केला, की गोवा किंवा कर्नाटकासाठी छापताना पुढचे लेबल आणि त्याची डाय तशीच राहावी.

पावसाळ्याची चाचणी ठाण्यात घेणे सोपे होते. जून ते सप्टेंबर खिडकी उघडी ठेवली की कोणत्याही लेबलची परीक्षा आपोआप होते. पहिल्या कागदाच्या कडा उचलल्या आणि त्यावर बुरशीचे करडे ठिपके आले. ओलाव्यात टिकणारा दुसरा सुती कागद आणि अधिक पकड असलेला गोंद घेतल्यावर बर्फाच्या पाण्यात रात्रभर ठेवलेली बाटलीही शाबूत राहिली. भंगारात गेलेल्या रिकाम्या महागड्या बाटल्या पुन्हा भरून विकल्या जातात, ही या धंद्यातली जुनी दुखणी. त्यासाठी एकदा उघडल्यावर पुन्हा भरता न येणारे गुआला झाकण घेतले आणि लेबल असे छापले की काढू गेले तर फाटेल. लाकडी बुच अधिक देखणे दिसले असते, पण नकली मालाने कोणाचा जीव जाऊ शकतो, तिथे देखणेपण मागे ठेवावे लागते.

सध्या वाद राहिला आहे तो खोक्याचा. विक्री विभागाला चुंबकाने बंद होणारे जाड पुठ्ठ्याचे खोके हवे आहे, कारण भेट म्हणून दिली जाणारी बाटली खोक्याशिवाय उंची वाटत नाही. माझे म्हणणे असे की त्या खोक्याच्या खर्चात लेबलचा कागद, फॉइल आणि काचेतला डोळा यांचा खर्च जवळजवळ निघतो, आणि खोका दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो. पुढच्या आठवड्यात मी बाटलीला गुंडाळायला साध्या न रंगवलेल्या कागदाचा एक नमुना घेऊन जाते आहे. त्याच्या आतल्या बाजूला लागणीपासून तोडणीपर्यंतचा हंगाम छापलेला आहे, आणि त्यातल्या उसाच्या प्रत्येक कांडीवर डोळा आहे.